सूनबाईच्या नावावरचा बदल

१

ऑफिसात शिरल्या शिरल्या सूनबाईने कॉम्प्युटर उघडला, आणि पाण्याची बाटली तोंडापर्यंत नेलेला तिचा हात तिथेच थांबला.

तिचं काम जागेवर नव्हतं.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. कंपनी तिच्या सासऱ्यांनी उभी केलेली. लग्नानंतर ती तिथे कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी गमतीने मारलेली हाक कायमची चिकटली. आता नवीन आलेली माणसंसुद्धा "सूनबाई, हा कोड बघता का?" म्हणून विचारायची. नवरा मुलांना पोहायला शिकवायचा. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याबद्दल घरात त्याच्यासकट सगळेच खूश होते.

कंपनी वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर बनवायची. वेबसाइट मोठी झाली की एका मशीनवर भागत नाही, चार-पाच लावावी लागतात. मग आलेल्या माणसाला त्यातल्या कुठल्या मशीनकडे धाडायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारा भाग म्हणजे लोड बॅलन्सर. जुना लोड बॅलन्सर पाळी लावायचा: पहिला माणूस इकडे, दुसरा तिकडे, तिसरा पलीकडे. एखादं मशीन कामाखाली पिचून गेलेलं असलं तरी पाळी आली की पुढचा माणूस त्याच्याच डोक्यावर. सूनबाईने हे बदललं होतं. तिचा कोड आधी बघायचा की आत्ता सगळ्यात मोकळं कोण आहे, आणि मगच माणूस तिकडे पाठवायचा.

सोमवारी हे नवीन सॉफ्टवेअर एका मोठ्या हॉस्पिटलात चालू व्हायचं होतं. तिथे पेशंट डायलिसिसची वेळ वेबसाइटवरून घ्यायचे, आणि दर सोमवारी सकाळी सगळे एकदम आले की साइट मान टाकायची. लोक मग फोन लावत बसायचे, आणि फोनही लागायचा नाही.

आज शुक्रवार. आणि सूनबाईच्या कोडच्या जागी जुना कोड परत येऊन बसला होता. तिच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, तरुणपणी लिहिलेला.

तिने बदल कुणी केला ते बघितलं आणि खुर्चीत मागे टेकली. तिथे तिचंच नाव होतं.

२

"मी केलेलं नाही," सूनबाई म्हणाली. "देवाशप्पथ नाही."

ज्यांच्यासमोर ती हे म्हणत होती त्या बाई कंपनीची माहितीपुस्तिका लिहायच्या. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, कुठला भाग काय करतो, हे सगळं त्या साध्या भाषेत लिहून वेबसाइटवर ठेवायच्या. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून ऑफिसने त्यांचं नाव ठेवलं होतं कानामात्रा. आप्पांच्या शुद्धलेखनाशी तर त्यांची वर्षानुवर्षांची लढाई होती, आणि आप्पा अजून हरायला तयार नव्हते.

"मग परत आण की तुझा कोड," कानामात्रा म्हणाल्या. "एका बटणाचं काम आहे ना?"

"आणते. पण केलं कुणी हे नको कळायला?" सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला माहितीये ना, मी आप्पांचा कोड काढला तेव्हा ते किती दिवस गप्प होते ते? त्यांनीच केलं असेल तर संध्याकाळी त्याच घरात, त्याच टेबलावर जेवू कशी? सांगा ना. मी सरळ दुसरीकडे नोकरी बघते."

"लगेच सामान नको बांधूस. कोडही आत्ताच परत नको आणूस. कुणीतरी कारणाशिवाय एवढा खटाटोप करणार नाही. आधी कारण कळू दे. कधी झालाय बदल?"

"काल दुपारी. आगीच्या घंटेची चाचणी होती ना, तेव्हा. घंटा झाली आणि मी तशीच उठून खाली पळाले. लॉगिन चालूच राहिलं."

म्हणजे कुणीतरी तिच्या खुर्चीत बसून हे केलं होतं. पण तेव्हा सगळं ऑफिस खाली आवारात उभं होतं.

कानामात्रांनी चष्मा वर सरकवला आणि परत आलेला कोड ओळीने वाचायला घेतला. आप्पांना कोडमध्येच मराठीत टिपा लिहून ठेवायची सवय होती. पहिल्याच ओळीवर टीप होती: "इथे प्रत्येक मशीनला पाळीपाळीने काम द्यायचे."

त्यांनी ती टीप वाचली. पुन्हा वाचली. काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाताशी येईना.

"काय झालं?" सूनबाईने विचारलं.

"तेच तर कळत नाहीये," कानामात्रा म्हणाल्या. "यात काहीच चुकीचं नाही. आणि नेमकं तेच मला खुपतंय."

३

पहिला संशय जायचा तो डॉक्टरवर.

हा डॉक्टर औषधं देणारा नव्हे. मशीन जिवंत आहे की पडलंय हे दर थोड्या वेळाने तपासणारा कोड त्याचा. पडलेल्या मशीनला तो रांगेतून बाहेर काढायचा आणि उठलं की परत आत घ्यायचा. त्याचाही नवीन बदल सोमवारीच हॉस्पिटलात जाणार होता. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. सूनबाईशी त्याचं असं काही वाजलं होतं की दोघं एकमेकांशी बोलणंच सोडून बसले होते.

"आलात?" त्याने मान वर न करताच कानामात्रांना विचारलं. "मला वाटलंच होतं. तिचा कोड गेला म्हणजे डॉक्टरनेच घालवला."

"तू म्हणाला होतास, तिचा बदल गेलेलाच बरा."

"तोंडावर म्हणालो होतो, ताई. मला जे करायचं ते मी तोंडावर करतो. आणि मला तिच्या खुर्चीत बसायची गरज काय? माझ्या लॉगिनने मला तो कोड बदलता येतो. सरळ रिव्हर्टचं बटण दाबलं असतं."

"रिव्हर्ट म्हणजे?"

"मागचा बदल उलटा फिरवायचा. एक बटण दाबलं की आधीचा कोड जसाच्या तसा परत. फक्त ते दाबलं की सगळ्यांच्या फोनवर निरोप जातो. मी तर उलट मुद्दाम दाबलं असतं, सगळ्यांना कळावं म्हणून."

यावर कानामात्रांना हसू आलं. "पण तिच्या बदलात तुला खटकलं काय?"

"ते मी कधीच कळवलंय. आमचे निरोप मुकादमच नेतात ना, त्यांना सांगितलं, तिला सांगा, नुकत्याच उठलेल्या मशीनवर सगळं ढकलू नकोस. तिने ऐकलं की नाही, देव जाणे."

"तिचं काही उत्तर?"

"आलं ना. 'तुझं काम पटलंय' म्हणाली म्हणे." डॉक्टरने खांदे उडवले. "मला तर खरंच वाटेना. ती माझ्याबद्दल इतकं गोड कशाला बोलेल?"

कानामात्रा उठल्या. दारापर्यंत गेल्या असतील तेवढ्यात मागून डॉक्टर म्हणाला, "ताई, काल खाली आवारात एक माणूस उशिरा आला. बघितलंत का तुम्ही?"

"कोण?"

"आप्पा."

४

आप्पांच्या टेबलावर एक कीबोर्ड उघडून ठेवला होता, आणि ते लहानशा ब्रशने त्याचं एकेक बटण साफ करत होते. कंपनीचा रोजचा कारभार सोडल्यापासून ऑफिसातला एकही कीबोर्ड त्यांनी मळका राहू दिला नव्हता.

"काल घंटा झाली तेव्हा कुठे होतात, आप्पा?"

"खाली."

"लगेच?"

ब्रश थांबला. "जरा उशीर झाला. का गं? तू पुस्तिका लिहितेस की पोलिसात लागलीस?"

"सूनबाई नोकरी सोडायचं म्हणतेय."

आप्पांनी ब्रश खाली ठेवला. हातातलं बटण त्यांनी जागेवर बसवलं. मग म्हणाले, "असं कर. तिला सांग की मीच केलं. म्हाताऱ्याला जुन्या कोडचा मोह सुटला नाही. माफी मागतो म्हणावं."

"केलंत का खरंच?"

"सांग म्हटलं ना."

"कसं केलंत? रिव्हर्ट दाबलंत की टाइप केलंत?"

आप्पा नकळत गुडघा चोळू लागले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची होते तशी त्यांची पंचाईत झाली होती.

"गुडघा," कानामात्रा हळूच म्हणाल्या. "जिन्यात बसला होतात, हो ना?"

"घरी सांगू नकोस. मी त्यांना सांगितलंय की पूर्ण बरा झालाय."

"मग गुन्हा अंगावर कशाला घेता?"

"कारण तो बदल तिनेच केलाय." आप्पांचा आवाज एकदम खाली गेला. "तिला स्वतःच्या कोडमध्ये काहीतरी चूक सापडली असणार. घाबरली असेल बिचारी. कबूल करायची लाज वाटत असेल. तिची चूक माझ्या नावावर खपली तर माझं काय जातंय?"

५

कानामात्रांनी जिन्यातच दोन पायऱ्या अडवून बैठक मारली.

सून म्हणत होती सासऱ्यांनी केलं. सासरे म्हणत होते सुनेनं केलं. दोघांनाही मनापासून तसंच वाटत होतं, आणि दोघंही खोटारडी नव्हती.

शेवटी त्या मुकादमांकडे गेल्या. मुकादम म्हणजे सगळ्यांचे बदल गोळा करून ते एकत्र बाहेर पाठवणारा माणूस. स्वतः कोड लिहिणं त्यांनी कधीच सोडलं होतं; काय कसं चालतं ते कानामात्रांच्या पुस्तिकेत वाचायचे. कुणाचं काय अडलंय, कुणाला काय हवंय, हे इकडून तिकडे पोचवणं हे त्यांचं काम. त्यांच्या टेबलावर पेपरमिंटची बरणी असायची. कुणी तणतणत आलं की आधी गोळी, मग बोलणं. ऑफिसात त्यांचा शत्रू म्हणून कुणी नव्हता.

"घ्या," त्यांनी बरणी पुढे केली. "फार वाईट झालं हो. मी तर म्हणतो, सोमवारचं पुढे ढकलू या. कुणी केलं, का केलं, आता उगाळून काय उपयोग? घरातलं प्रकरण आहे."

"काल सगळे खाली होते ना?"

"अगदी सगळे. मी स्वतः डोकी मोजली. आप्पा जरा मागून आले, पण आले."

"आणि दोघांचे निरोप तुम्ही पोचवले होते?"

"न चुकता."

कानामात्रांनी गोळी तोंडात टाकली आणि आपल्या जागेवर आल्या. पुस्तिकेतलं लोड बॅलन्सरचं पान सोमवारसाठी बदलायचं होतं, म्हणून त्यांनी ते उघडलं. जुनी पद्धत समजावताना त्यांनी तिथे आप्पांचा कोड अख्खा उतरवून ठेवला होता. पहिल्या ओळीवर आप्पांची टीप.

त्यांचा हात कीबोर्डवरच थबकला. सकाळपासून काय खटकत होतं ते आता समोर होतं.

त्या उठल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सूनबाई, डॉक्टर, आप्पा, मुकादम! चाचणीच्या खोलीत या. आत्ता."

६

चाचणीच्या खोलीत तीन जुनी मशीन एकावर एक रचून ठेवलेली होती. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकावर किती काम आहे ते पट्ट्यांमध्ये दिसायचं.

"सूनबाई, तुझा बदल इथल्या मशीनवर परत टाक. डॉक्टर, तुझाही असू दे. आता खोटे पेशंट सोडा आणि एका मशीनची तार काढा."

तार काढली. एक पट्टी शून्यावर आली, बाकीच्या दोन वर चढल्या, पण टिकल्या. सूनबाईच्या चेहऱ्यावर थोडी ऐट आली.

"आता तार परत लावा."

मशीन उठलं. डॉक्टरच्या कोडने त्याला रांगेत घेतलं. त्याच्याकडे काहीच काम नव्हतं, म्हणजे सगळ्यात मोकळं तेच. सूनबाईच्या कोडने येणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे पाठवला. एकूण एक. पट्टी सरसर वर गेली, लाल झाली आणि मशीन कोसळलं. पुन्हा उठलं. पुन्हा सगळे त्याच्यावर. पुन्हा कोसळलं.

"अरे देवा," सूनबाई पुटपुटली. "सोमवारी हे तिकडे झालं असतं."

"एकेकटे दोन्ही बदल उत्तम आहेत," कानामात्रा म्हणाल्या. "एकत्र आले की घात. काल कुणाला तरी हे कळलं होतं. म्हणून त्याने एक बदल काढला आणि दुसऱ्याला हात लावला नाही. जुन्याचा मोह असता तर दोन्ही काढले असते. तुझ्यावर राग असता तर, डॉक्टर, तुझा गेला असता. या माणसाला फक्त दोघांची गाठ पडू द्यायची नव्हती."

"पण दोघांचं काम कुणाला माहीत होतं?" डॉक्टर म्हणाला. "मला तिचं नीट माहीत नाही, तिला माझं नाही."

"थांब, येते तिथेच. आधी ही टीप बघा." त्यांनी परत आलेला कोड पडद्यावर आणला. "'पाळीपाळीने.' काय चूक आहे?"

"काहीच नाही," सूनबाई म्हणाली.

"तेच! आप्पांनी आयुष्यात हा शब्द बरोबर लिहिलेला नाही. मूळ कोडमध्ये तो 'पाळिपाळिने' असा आहे. रिव्हर्ट दाबलं असतं तर तीच चूक परत आली असती, शिवाय सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला असता. आप्पांनी टाइप केला असता तर चूक नव्याने झाली असती."

"होणारच," आप्पा म्हणाले.

"शुद्ध केलेली प्रत एकाच ठिकाणी आहे, माझ्या पुस्तिकेत. कोड तिथून उचललाय. आता सूनबाई नाहीतर डॉक्टर तिथे कशाला जाईल? त्यांच्या हाताशी मूळ कोड असतो. पुस्तिकेतून उचलणारा माणूस कोडच्या खोलीत फारसा वावरत नाही, पण माझी पानं मात्र रोज वाचतो. त्याच्या लॉगिनला कोडला हात लावायची परवानगी नाही, म्हणून त्याला दुसऱ्याची खुर्ची लागली. आणि काल खाली जो डोकी मोजत होता, तो सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्याची खात्री करून सगळ्यात शेवटी निघाला असणार. त्याचं डोकं कुणीच मोजलं नाही."

सगळ्यांच्या माना मुकादमांकडे वळल्या.

मुकादम भिंतीला टेकून उभे होते. ते हळूहळू खाली स्टुलावर बसले.

७

"काल सकाळी मी एकट्याने चाचणी केली," मुकादम म्हणाले. "आत्ता बघितलंत ते बघितलं. आणि कळलं की हे माझ्यामुळे झालंय."

"तुमच्यामुळे कसं?" सूनबाईने विचारलं.

"डॉक्टर मला म्हणाला होता, 'तिला सांगा, उठलेल्या मशीनवर सगळं ढकललं तर ते मरेल, जरा डोकं वापर.' मी तुला सांगितलं, 'डॉक्टर म्हणतोय छान झालंय, फक्त जरा जपून.' तू म्हणालीस, 'त्या शहाण्याला विचारा, मशीन उठल्याचं मला सांगणार आहे का मी स्वप्नात बघू?' मी त्याला सांगितलं, 'तिला तुझं काम पटलंय.'" त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुमचं भांडण वाढू नये म्हणून निरोप मऊ करत गेलो. इतके मऊ, की त्यात सांगायचं होतं तेच उरलं नाही. काल धीर झाला नाही कबूल करायचा. घंटा झाली, तुझी स्क्रीन उघडी दिसली. वाटलं, तू समजशील चुकून काहीतरी दाबलं गेलं, आणि सोमवार पुढे जाईल. तुम्ही आप्पांवर संशय घ्याल, हे डोक्यातच आलं नाही. आज सकाळी तुला रडताना बघितलं आणि तोंडच उघडेना."

कानामात्रांनी सूनबाईला आप्पांचा अंदाज हळूच सांगितला, तशी ती आप्पांकडे वळली. "आणि तुम्हाला वाटलं मी केलं?"

"वाटलं, माझ्या कोडवर तुझा जीव जडला असेल."

"आप्पा!"

"बरं, चुकलो." आप्पा हसत होते, पण त्यांनी घाईघाईने चष्मा पुसायला काढला.

"मी राजीनामा देतो," मुकादम म्हणाले.

"ते नंतर," सूनबाई म्हणाली. "आधी एक सांगते. माझं नाव वापरलंत याचा राग मला आहे, आणि तो उद्याही असेल. पण काल तुम्ही हातावर हात ठेवून बसला असतात तर सोमवारी लोकांचे हाल झाले असते. तेव्हा नोकरी सोडायची नाही. फक्त यापुढे कुणाचाही निरोप द्यायचा तर शिव्यांसकट द्यायचा."

"माझ्याकडे भरपूर आहेत," डॉक्टर म्हणाला, आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. "बरं, ऐक. मशीन उठल्याचं मी तुला कळवेन. तू त्याला लगेच मोकळं समजू नकोस."

"म्हणजे आधी अर्धवट भरलेलंच धरायचं?"

"हां. थोडी माणसं पाठव. टिकलं तर अजून थोडी."

"मग हे आधी का नाही बोललास, गाढवा?"

"बोललो होतो! विचार मुकादमांना!"

दुपारचं जेवण तिथेच आलं आणि तिथेच निवलं. दोघं एकाच कीबोर्डवरून भांडत, एकमेकांच्या ओळी खोडत लिहीत राहिली. तार काढायचं आणि लावायचं काम आप्पांनी हट्टाने स्वतःकडे घेतलं, मात्र खुर्चीत बसून, कारण गुडघ्याचं बिंग आता सुनेसमोर फुटलं होतं. दर वेळी मशीन उठायचं, पट्टी हळूहळू वर सरकायची आणि बाकीच्यांच्या बरोबरीने थांबायची. शनिवारीही सगळे आले. मुकादमांनी दोन्ही बदल एकत्र ठेवून पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या, आणि या खेपेला जे दिसलं ते मोठ्याने सांगितलं.

सोमवारी सकाळी सगळे सूनबाईच्या टेबलाभोवती उभे होते. पडद्यावर हॉस्पिटलच्या मशीनच्या पट्ट्या हलत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. सूनबाईने स्पीकर लावला.

हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवरच्या बाई होत्या. "अहो, ते नवीन सॉफ्टवेअर आज लावणार होतात ना? मग लावा की लवकर. गर्दी सुरू व्हायच्या आत."

सूनबाईने पडद्याकडे बघितलं. मधे एक मशीन पडून, उठून, पुन्हा कामाला लागलंसुद्धा होतं.

"बाई," ती म्हणाली, "गर्दी होऊन गेली. सगळ्यांना वेळा मिळाल्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"हो का?" बाई म्हणाल्या. "सकाळपासून कुणी ओरडलंच नाही, म्हणून मला वाटलं साइट अजून उघडलीच नाही."